रंग न लागलेल्या पेशी

फाल्गुनाचे ऊन. कोवळे नव्हे, कठोरही नव्हे; टेकडीवरून उतरलेले, पांगाऱ्याच्या पेटलेल्या फांद्यांतून गाळलेले, केशरी, केशरी ऊन. पुण्याच्या त्या प्रयोगशाळेच्या काचेला ते टेकले आणि आत शिरावे की नको, असे घुटमळत राहिले. आत ऋजुता क्षेमकल्याणी संगणकासमोर बसली होती, आणि तिला काहीच उमगत नव्हते.

आज रंगपंचमी. सगळी संस्था ओस. चार वर्षांच्या संशोधनाचा शेवटचा प्रयोग नुकताच संपला होता आणि निकाल उलटा आला होता. उलटा म्हणजे किती उलटा! अगदी डोक्यावर उभा.

रक्ताच्या अरुणप्रवाहात अहोरात्र भटकणाऱ्या रक्षक पेशी हा तिचा विषय. शुभ्र, सजग, बिनघराच्या. त्यांतल्या काही एके दिवशी वाहणे सोडतात, फुप्फुसाच्या मऊ कुशीत शिरतात आणि तिथेच ठाण मांडून जन्मभर पहारा देतात. कशाच्या बळावर? अंगावरच्या घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या बळावर. शास्त्र त्यांना आसंजन-ग्राही म्हणते. ऋजुता त्यांना नुसते हात म्हणे. हात असतील ती पेशी वस्ती करील, नसतील ती वाहत राहील, एवढेच तिचे म्हणणे होते. एवढ्यासाठी चार वर्षे, असे कोणी म्हणतील, म्हणोत बापडे.

उंदरांच्या अंगात तिने दोन्ही जातींच्या पेशी सोडल्या होत्या, हातवाल्या आणि बिनहाताच्या. आठवडे लोटले. आज सकाळी शेपटीच्या शिरेतून लाल रंग दिला, फक्त तीन मिनिटांपुरता, आणि लगेच फुप्फुस काढून त्यातली एकेक पेशी यंत्रातून पाहिली. ही रीत तिला नवी होती. पण रंग लागला म्हणजे पेशी सापडली, हा चार वर्षांचा शिरस्ता. त्याच सवयीने तिने लाल तेवढ्या वस्तीला आलेल्या धरल्या.

आणि लाल कोण? बिनहाताच्या, जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या. हातवाल्या मात्र बहुतेक कोऱ्या.

म्हणजे धरणाऱ्या निघून गेल्या? न धरणाऱ्या राहिल्या? नळ्यांची अदलाबदल झाली का? तिने चिठ्ठ्या पाहिल्या, वही पाहिली, पुन्हा चिठ्ठ्या पाहिल्या. सगळे जागच्या जागी, आणि तरी सगळे चुकलेले. तिचे मार्गदर्शक अरगडे सरांनी शुक्रवारी शांतपणे सांगून टाकले होते, की या वेळी जमले नाही तर हा विषय बंद करू. डोके नुसते भणभणत होते. पोरीला रडू येत होते, पण कशाचे रडायचे तेही ठरत नव्हते.

शेवटी तिने नाशिकला आईला फोन लावला. नाही जमले तर मी परत येते, असे दिवाळीतच सांगून ठेवले होते. आज ते खरे करायचे होते. पण आईच्या मागे ढोल दणदणत होता, आणि आईला आधी गल्लीची खबर द्यायची होती. रहाड उघडली होती, म्हणजे तो जमिनीत बांधलेला रंगाचा जुना हौद. धाकट्याने त्यात धप्पकन उडी मारली होती, शेजारचे वकीलसाहेब ओळखू येत नव्हते, दारातली गायसुद्धा रंगातून सुटली नव्हती. आणि तुला किती रंगवले, असे ऋजुताने उगीच विचारले.

“मला कोण रंगवतंय? मी आत होते. रस्त्यावर असेल त्यालाच रंग लागतो गं. घरात शिरलेल्याला कसा लागेल?”

ऋजुताची नजर पडद्यावरच्या लाल पेशींकडे गेली.

शीर म्हणजे रस्ता. रंग ओतला तो रस्त्यावर, तोही तीनच मिनिटे. जो वाहत होता, तो रंगला. जो वाट सोडून आत शिरला, उंबरा ओलांडून बसला, त्याच्यापर्यंत रंग पोचलाच नाही. लाल होते ते वाटसरू. कोरे होते ते घरचे.

तिने लाल पेशी वगळल्या आणि कोऱ्या निवडल्या. पडद्यावर हातवाल्यांची दाट वस्ती उमटली. बिनहाताच्यांच्या जागी चारदोन ठिपके, बस. वेडी पोर! चार वर्षांचे खरे समोर होते आणि तिने तेच गमावलेले म्हणून मांडले होते.

“अगं, तू काय सांगत होतीस? येतेस ना?” आई विचारत होती. “तुझी खोली झाडून ठेवलीय.”

हसावे की रडावे, कळेना. त्या झाडलेल्या खोलीची आत्ता, याच क्षणी, तिला फार ओढ लागली.

“आई,” ती म्हणाली, “मी नाही येत.”

पलीकडे ढोल वाजत राहिला. मग आई म्हणाली, “बरं. जेवलीस का?”

केशरी ऊन एव्हाना काच ओलांडून आत आले होते, तिच्या मांडीवर, तिच्या बाह्यांवर. बाहेर सारे शहर रंगून वाहत होते. ऋजुताने खाली पाहिले. तिच्या पांढऱ्या कोटावर रंगाचा एक थेंबही नव्हता.