गिरकी घेऊन आलेलं वादळ

मी वादळ बोलतोय. मोठ्या वादळांत माझी गणती नाही. फिलिपिन्सच्या पूर्वेला तापलेल्या समुद्रावर जन्मलो, वाफ पीत गरगरू लागलो. कुठं जायचं ते मलाच ठाऊक नसे. वारा ढकलेल तिकडे मी.

पहिल्यांदा सामार बेटाकडे निघालो, तेव्हा किनाऱ्यावरच्या वस्तीची प्रमुख, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘कॅप्टन’, रोसेंदा कर्णा घेऊन दारोदार फिरली. सगळ्यांना तिनं टेकडीवरच्या शाळेत नेलं. मी मात्र ऐनवेळी उत्तरेला वळलो. लख्ख ऊन पडलं. लोक चिडून घरी परतले.

"गादीसकट टेकडी चढवलीस गं मला!" तिची सासू अपोलोनिया करवादली. "वादळ राहिलं बाजूला, माझी कंबर गेली."

पुढे दुसऱ्या वाऱ्यानं माझी वाट अडवली. मी गिरकी घेतली आणि थेट त्याच वस्तीवर निघालो. रोसेंदा पुन्हा कर्णा घेऊन बाहेर पडली. आता दारं उघडेनात.

"कॅप्टनबाई, आज ऊन की वादळ? आधी ठरवा!" कुणीतरी खिडकीतून ओरडलं. हशा पिकला.

"मला काय कळतंय वादळातलं!" तिचा आवाज चिरला. "पुन्हा वळलं तर पुन्हा हसा. पण हसायला सगळे असा!"

मला तिथंच थांबावंसं वाटलं. पण वादळाला पाय रोवता येत नाहीत.

तेवढ्यात अपोलोनिया डुकरिणीला दोरीनं ओढत बाहेर आली. "बघतेस काय? मागून ढकल हिला!" ती सुनेवर खेकसली. मग खिडक्यांकडे वळली, "आणि काय रे, ही म्हातारी चढतेय, तुमचे पाय मोडलेत होय?"

एकेक दार उघडलं.

संध्याकाळी मी किनाऱ्याला भिडलो. खालची घरं, होड्या लाटांनी ओढून नेल्या. शाळेचे पत्रे थडथडले, पण आत सगळे होते. पुढे डोंगरांना धडकून माझा दम संपला.

आता मी नुसती रिपरिप आहे. शाळेच्या आवारात आल्याची पेज शिजतेय. अपोलोनियानं पहिली वाटी सुनेपुढे धरली.

"आई, घर गेलं आपलं," रोसेंदा पुटपुटली.

"दिसतंय मला." म्हातारी तिला खेटून बसली. "तू खा आधी. घसा बसलाय तुझा."

माझ्यामागून येणारी भावंडं माझ्याहून दांडगी असतील. रोसेंदाची हाक आली, की दार उघडा रे. मी चाललो. चुलीवर चार थेंब पडतायत ते माझेच. तेवढे सांभाळून घ्या.