पालखी वळते तिथली शीव

चन्नबसप्पा पाटील दारात येऊन "साखराबाई" म्हणाला आणि तिथंच तिचं डोकं फिरलं. जन्मभर गावानं तिला नुसतं साखरे म्हटलं, हा तर मिसरूड फुटायच्या आधीपासून म्हणत होता. आजच बाई कुठून आली? गरज पडली की माणसाची जीभ कशी मऊ होते, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

बोरखडी हे रेणापूरच्या पलीकडचं गाव. लातूर जिल्हा झाला तेव्हा गावाला कोण आनंद! बीडला कचेरीत जायचं म्हणजे दिवस मोडायचा, आता तो जाच सुटणार होता. मोजणीवाला साहेब हद्द बघायला आला, तर चन्नबसप्पाच मोठ्या ऐटीत त्याच्यापुढं चालला. आणि चालला कुठून? श्रावणात महादेवाची पालखी फिरते, त्याच वाटेनं. पालखी ओढ्याशी येते, तिथं नारळ फुटतो आणि ती मागं वळते. ओढ्यापलीकडं बौद्धांची वस्ती, साखराबाईचं घर तिथंच. तिकडं पालखी कधी गेली नव्हती, तर साहेबाला कशाला न्यायचं? साहेबानं तरी विचारलं, ती घरं कुणाची. ती गावाबाहेर, असं चन्नबसप्पा म्हणाला. यात आपण काही वावगं बोललो असं त्याच्या मनातही आलं नाही. गाव लातुरात गेलं, वस्ती बीडमध्येच राहिली. वस्तीची विहीरही तिच्याबरोबर राहिली, हे मात्र त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

ती विहीर काही कुणी दान दिलेली नव्हती. पूर्वी वस्तीच्या बायका गावच्या आडापाशी रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाही आली तर तशाच परत. दीक्षा घेतल्यावर वस्तीनं ठरवलं, आता बसायचं नाही. साखराबाईच्या नवऱ्यानं, निवृत्तीनं, आपल्या जमिनीत जागा दिली. सगळ्यांनी मिळून खडक फोडला. सुरुंगाची कपची उडून निवृत्तीचा डावा डोळा गेला, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. निवृत्ती गेला, पण ते हसणं साखराबाईच्या कानातून गेलं नाही.

आता दुष्काळानं गावचा आड कोरडा पडला होता आणि टँकरचा भरवसा नव्हता. वस्तीच्या विहिरीला मात्र पाणी होतं. दुष्काळात सरकारला अशी विहीर ताब्यात घेऊन गावाला देता येते, पण नवा जिल्हा जुन्या जिल्ह्यातल्या विहिरीला हात कसा लावणार? म्हणून चन्नबसप्पा चार माणसं घेऊन आला होता. वस्ती बोरखडीचीच, मोजणीत चूक झाली, एवढ्यावर विहिरीच्या जमिनीची मालकीण म्हणून साखराबाईनं अंगठा द्यायचा. मग विहिरीवर मोटार बसेल, नळी गावात जाईल.

नळी गावात गेली की वस्तीच्या बायका पुन्हा कुठं बसतील, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"शेवटी गाव एकच हाय की, साखराबाई," चन्नबसप्पा म्हणाला. "लेकरं तहानलीत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकरं! वस्तीची लेकरं काय दगडाची होती? ओठांवर आलेली शिवी तिनं गिळली, ती लेकरांसाठी. चन्नबसप्पासाठी गिळली नसती.

"आप्पा, चूक मोजणीवाल्याची न्हाई. तुमी जे दाखवलं ते त्यानं लिवलं."

"झालं गेलं, आता..."

"आमाला भाईर तुमी काढलं. आन् आता आत घ्यायचं बी तुमीच ठरवणार? अंगठा देणार न्हाई. विहीर आमची हाय, आमचीच ऱ्हाईल. पाण्याला मात्र न्हाई म्हणत न्हाई. बायकांना धाडा. ज्यानं त्यानं आपल्या हातानं शेंदायचं."

चार माणसं आल्या वाटेनं वळली. चन्नबसप्पा मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या कोरड्या वाळूतून गावच्या बायका आल्या. सगळ्यांत पुढं चन्नबसप्पाची बायको सिद्धम्मा. विहिरीवर वस्तीच्या बायका आधीच उभ्या होत्या, शेवटी पंचफुला. सिद्धम्मा काठाशी घुटमळली, घागर कमरेवरून काढून म्हणाली, "कुठं ठेवू?"

साखराबाईनं दोर सोडला नाही की वळून पाहिलं नाही.

"रांगेत," ती म्हणाली. "पंचफुलाच्या मागं."