सात नंबरच्या खोलीतला आवाज

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माणूस उभा होता. वरच्या मजल्यावर, सुनेच्या खोलीत भिंत बोलत होती. खाली चपलांच्या ढिगाजवळ एक बाई दुसरीला सांगत होती, "अगदी आप्पांचाच आवाज हो! खोकलासुद्धा तोच!"

आप्पा म्हणजे या नव्या घराचे मालक. जिन्याला कठडा बसायचा होता तेव्हा वरून पडले आणि जागीच गेले. त्या वेळी घरात फक्त सून होती.

मी वायरवाली. घरभर गाणी ऐकू येतील अशी यंत्रणा बसवायचं काम माझं. आप्पांची हौस एवढीच, की स्वयंपाकघरात लागलेलं गाणं गच्चीवर जाईपर्यंत तुटायला नको. विटांच्या ढिगावर नकाशा पसरून आम्ही दोघांनी आठ खोल्या आखल्या. छतात गोल स्पीकर, बैठकीत चारी बाजूंनी आवाज, आणि सगळ्या वायरी प्लास्टरच्या आधी भिंतीतून जिन्याखालच्या कपाटात. सात नंबर सुनेची खोली. ती म्हणाली, "आप्पा, माझ्या डोक्यावर नको हो भोंगा. एक तरी खोली शांत असू द्या." आप्पा हसले आणि त्यांनी पेन्सिलीनं सात नंबर खोडला. पण तिथली वायर मी आधीच ओढून ठेवली होती. तिचं वेटोळं करून भिंतीवर ठोकायच्या पांढऱ्या जिप्समच्या फळीमागे सोडून दिलं. अशा वायरी बऱ्याच घरांत राहतात. मालक विचारत नाही, आपणही सांगत नाही.

त्या सकाळी मी बटणं कशी दाबायची हे घरच्यांना शिकवायला आले होते. आले आणि गर्दीत अडकले. कोपरं मारत वर पोचले.

सुनेचे हात पलंगाच्या लोखंडी गजाला बांधलेले होते. तिचा नवरा तिचे पाय दाबून बसला होता. ब्लाउज पाठीवर फाटलेला, खालचा ओठ दुभंगलेला. तिच्यासमोर मेलेल्यांचे आत्मे बोलावणारे मौनीमहाराज उभे होते, आणि त्यांच्या हातात दुहेरी पीळ घातलेली काळी केबल होती. माझीच, कामातून उरलेली.

मौनीमहाराजांचं तोंड मिटलेलं मी कधी पाहिलं नाही. "बारा वर्षं आम्ही मौनात आहोत!" ते गरजत होते. "हे बोलतोय ते आम्ही नाही! आमच्यातून बोललं जातंय! आत्मा लहरींवरून उतरतो, तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या, दुसरीवरून भिंतीत! विज्ञानाला हे आत्ता कुठे कळायला लागलंय! आप्पा, बोला! कुणी ढकललं तुम्हाला?"

मग भिंत घरघरली. "हिनं... हिनं ढकललं..."

केबल सपकन बसली. सून ओरडली तशी दारातली माणसं एक पाऊल पुढे सरकली.

"कबूल कर!"

"मी नाही ढकललं. मी धरायला धावले होते हो! त्यांचा सदरा हातात आला, फाटला..."

"सदरा फाटला म्हणजे झटापट झाली!" महाराज म्हणाले, आणि पुन्हा दोन सपकारे. रक्ताचा एक थेंब नव्या फरशीवर पडला. सासूबाई कोपऱ्यात भिंतीला कान लावून बसल्या होत्या. त्यांना फटके ऐकूच येत नव्हते.

मी ओरडले, "थांबा! त्या भिंतीत माझी वायर आहे!"

"वायर असेल, पण स्पीकर आहे का?" एक काका म्हणाले. "गेल्या आठवड्यात तूच सांगितलंस ना, या खोलीत काही बसवलेलं नाही म्हणून?"

"ऐकलंत? प्रत्यक्ष वायरवालीच साक्षीदार!" महाराज म्हणाले. मी भिंतीकडे धावले, तशी त्यांनी माझ्या पोटात लाथ घातली. कुणीतरी मानेला धरून मला बाहेर ढकललं. पायऱ्यांवरच्या माणसांनी मला धरलं नाही, फक्त वाट दिली. खाली आदळले तेव्हा उजवं मनगट कड् करून गेलं.

पडले ती जिन्याखालच्या कपाटासमोर. दार उघडं होतं. आत यंत्रावर आठ खोल्यांचे आठ दिवे. बाकीचे सगळे विझलेले. सात नंबरचा मात्र लुकलुकत होता. वरून आवाज आला, "पापी आहे ती," आणि त्या प्रत्येक अक्षराबरोबर दिवा हलला. जी वायर मी मोकळी सोडली होती, ती कुणीतरी यंत्राला जोडली होती.

वायर उपटायला हात गेला, पण थांबले. भिंत गप्प झाली तर महाराज म्हणतील आप्पा रागावले, आणि केबल चालूच राहील. मग ते बटण दिसलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जेवायला हाक मारायला वर चढायला नको म्हणून आप्पांनी हट्टानं बसवून घेतलेलं बोलायचं बटण. सात नंबर दाबला, आवाज जाड केला.

"मारणं थांबवा."

वर केबल थांबली. मग काकांचा थरथरता आवाज, "आप्पा, ती नाही, तर मग दोषी कोण?"

माझ्या मनगटातून कळा येत होत्या. मी दात आवळून म्हणाले, "तुमचा महाराज."

पुढच्या क्षणी छत हादरलं. खुर्ची मोडल्याचा आवाज, काच फुटल्याचा, आणि महाराजांची किंकाळी. "अरे मी... अरे तो... थांबा रे!" काहीतरी जड पुन्हापुन्हा भिंतीवर आपटत होतं. ते डोकं आहे हे कळायला मला वेळ लागला. तीच माणसं, तीच केबल, तोच विश्वास. फक्त भिंतीनं बोट दुसरीकडे दाखवलं होतं. आणि ते बोट माझं होतं.

मी आठही बटणं एकदम दाबली.

"सोडा त्याला! आप्पा नाहीत, मी वायरवाली बोलतेय! ऐका, स्वयंपाकघरातून मी, न्हाणीघरातून मी, गच्चीवरून मी! मी काय आठ ठिकाणी मेलेय का?"

डाव्या हातात कपाटातली हातोडी घेऊन वर गेले. महाराज कोपऱ्यात तोंडातून रक्त ओघळत बसले होते. सासूबाईंनी सुनेचे हात सोडले होते. मी हातोडी उचलायला लागले, तर सुनेनं ती माझ्या हातून घेतली. उभं राहवत नव्हतं तिला. तरी तिनं फळीवर घाव घातला. दुसरा. तिसऱ्याला फळी फुटली आणि आतून माझ्या वायरीला लटकलेली, बिस्किटाएवढी एक चकती बाहेर आली.

"ही चकती थरथरते, तशी फळी थरथरते," मी सांगितलं. "जाळी नको, भोक नको, अख्खी भिंतच स्पीकर होते. फळीतून कुणाचाही आवाज असाच म्हाताऱ्यासारखा घोगरा येतो. उरलेले आप्पा आपण मनानं भरतो."

महाराजांच्या खिशातला मोबाईल अजून चालूच होता. त्यातून कुणीतरी विचारत होतं, "महाराज, आता काय बोलू?" समोरच्या रस्त्यावर उभ्या गाडीत छतवाला सापडला, ज्यानं त्या फळ्या ठोकल्या होत्या. महाराजांचा शिष्य. एका मोबाईलवर तो वरचं ऐकत होता आणि दुसऱ्या मोबाईलवरून बिनतारी माझ्या यंत्रात बोलत होता. सहा महिने कामावर आप्पांचा खोकला ऐकत होता.

"मग ते बोललेच नाहीत का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, काकू."

त्या सुनेच्या पायाशी बसल्या.

रुग्णवाहिका आली. पोलीस आले, महाराज आणि छतवाल्याला घेऊन गेले, ज्यांच्या ज्यांच्या हाताला रक्त होतं त्यांचीही नावं लिहून घेतली. नवरा सुनेच्या स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होता. "मला काय माहीत? भिंत बोलत होती ना!"

तिचा ओठ शिवायचा होता, तरी ती बोलली. "मीपण बोलत होते. तासभर."

माझ्या वाचणाऱ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा. एक आवाज भिंतीतून येत असेल आणि दुसरा जिवंत माणसाच्या तोंडातून, तर आधी माणसाचं ऐका. भिंतीमागे काय आहे ते पाहायला आत्मा लागत नाही, हातोडी पुरते. हात उगारायच्या आधी ती उचला.