इंजिन बंद ठेवून

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी मला एकदा हसवलं आणि एकदा असा राग आणला, की तो मी गिळला. गिळायची सवय होतीच. ‘बाबा, तुमचं चुकलं’ हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. आई होती तेव्हा तीही शेजारणीकडे जाऊन बोलायची.

मी सुट्टीवर आले होते. बाबांच्या बचाव केंद्राच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. केंद्र डांबरी रस्त्याच्या अलीकडे आणि ओहोटीला दूरवर उघडा पडणारा चिखल पलीकडे. तिथे हौसेने फिरायला जाणारी माणसं मांडीपर्यंत रुतायची. त्यांना काढायला केंद्राकडे चार जाड चाकांची एक उघडी, बुटकी गाडी होती, मागे स्ट्रेचर बांधायची सोय असलेली. सगळे तिला बेडकी म्हणत. चिखल असो, वाळू असो, बेडकी पळायची. फक्त डांबरावर तिला मनाई होती.

कारण कायदा. रस्त्याबाहेरचं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवायचं नाही. आपत्कालीन सेवेला मोठ्या मनाने सवलत दिलेली, ती अशी, की वाहनाने रस्ता ओलांडावा, पण इंजिन बंद ठेवून. रस्ते खात्याच्या साहेबांनी हे जातीने येऊन समजावलं होतं.

“इंजिन बंद असलं की ते वाहन नाही. सामान.”

“आणि ढकलणारे आम्ही?” बाबांनी विचारलं होतं.

“पादचारी.”

“बरं झालं. मला वाटलं, बैल.”

साहेब हसले नव्हते. हसण्याला वरून मंजुरी लागत असावी.

त्या दुपारी भोंगा वाजला. चिखलात एक बाई रुतली होती आणि भरती सुरू झाली होती. बाबा आणि त्यांचे जोडीदार मिस्त्री बेडकीपाशी धावले. आणि तिच्यावर बसायचं सोडून तिच्या मागे जाऊन वाकले. दोन पिकल्या केसांची माणसं धापा टाकत एक धडधाकट यंत्र ढकलत होती, आणि पलीकडे पाणी चढत होतं. रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर बेडकी अडली. दोन्हीकडे गाड्या तुंबल्या. एका मोटारवाल्याने काच खाली केली.

“काय काका, पेट्रोल संपलं का?”

“पेट्रोल भरपूर आहे हो!” बाबा ओरडले. “अक्कल संपलीय. आमची नाही, वरची!”

मी हसले. ते पलीकडे पोचले, टुणकन बसले आणि चिखल उडवत निघून गेले. बाई वाचली. आल्यावर बाबा नळाखाली बूट धूत होते.

“बाबा,” मी म्हटलं.

“काय गं?”

अगदी जिभेवर होतं. एक माणूस बुडतंय आणि तुम्ही कुणाच्या मूर्खपणाचा मान राखताय?

“काही नाही. चहा टाकू?”

त्यांना कळलं असावं. बूट आपटत म्हणाले, “पलीकडच्या केंद्राचा ड्रायव्हर बसून गेला होता रस्त्यावरून. गाडी जप्त केली, पावसाळाभर. त्या पावसाळ्यात तिथे दोघं बुडाले. साहेबांचं काय गेलं? ते मरोत त्यांच्या कलमांसकट. पण बेडकी राहिली पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये होते. पुढचं मिस्त्रींनी सांगितलेलं आहे.

दोघं बेडकी ढकलत रस्त्याच्या मध्यावर होते, तेवढ्यात वळणावरून मालट्रक आला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, चाक फिरवलं. सामान वाचलं, पादचारी नाही. मिस्त्रींनी बाबांना उचलून बेडकीच्या स्ट्रेचरवर बांधलं. त्याच रस्त्यावर, नाकासमोर, इस्पितळाची पाटी दिसत होती. मिस्त्रींचा हात किल्लीकडे गेला, तर बाबांनी मनगट धरलं.

“फिरवू नको. नेतील तिला.”

“दादा, गेली उडत ती बेडकी!”

“नको म्हणतो ना.”

मग बेडकीवर निजलेले बाबा भर रस्त्यात ॲम्ब्युलन्सची वाट बघत राहिले. ती आली, वरातीमागून घोडं यावं तशी. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचले असते. रस्ते खात्याने समाधानाने नोंदवलं, की अपघातसमयी इंजिन बंद होतं.

महिन्याभराने खात्याच्या सभागृहात बैठक झाली. हा नियम बदला, अशी सगळ्या बचाव केंद्रांची मागणी होती. तिचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. समोर बाबांचा फोटो, शेजारी पाण्याच्या बाटल्या. मिस्त्री माझ्याजवळ टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

साहेबांचा कंठ दाटून आला होता. कंठालाही पगार असतो. “प्राण दिला, पण नियम मोडला नाही,” ते म्हणाले. “नियम बदला म्हणणाऱ्यांना याहून मोठं उत्तर कोणतं?” तेव्हा नियम राहील. मात्र खातं संवेदनशील आहे. केंद्रासमोर रस्त्यावर पिवळे पट्टे मारले जातील, ढकलणाऱ्यांना चमकणारी जाकिटं मिळतील, आणि त्या जागेला बाबांचं नाव देण्यात येईल. रोग रेड्याला, औषध पखालीला.

“कुटुंबाची संमती आहे, असं धरतो,” साहेब म्हणाले. “ताई, दोन शब्द बोलणार? वडिलांच्या शिस्तीबद्दल?”

मिस्त्री पुटपुटले, “पोरी, दादांच्या नावाचा प्रश्न आहे. जपून.”

जपूनच उठले. मला दिसत होतं, की हो म्हटलं तर बाबा कायमचे त्या पट्ट्यांवर उभे राहतील, पुढच्या प्रत्येक ढकलणाऱ्याला दाखवायला. आणि नको म्हणायचं, तर आधी ते म्हणावं लागेल, जे आईसुद्धा शेजारणीच्या घरात म्हणायची.

“नाव देऊ नका,” मी म्हटलं. “शिस्त नव्हती ती. तुम्ही गाडी न्याल, ही भीती होती. त्या भीतीपुढे ते झुकले.”

“ताई, भावनेच्या भरात...”

मी साहेबांकडे पाठ केली. फोटोकडे पाहिलं. आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटला नाही.

“बाबा, तुमचं चुकलं. मिस्त्रींना किल्ली फिरवू द्यायची होती.”