तांदळातला खड्डा

रविवारी सकाळी त्साओ महाराजांच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. ज्याच्या त्याच्या हातात लेकराचा एकेक सदरा. महाराज चहाचा पेला तांदळाने शिगोशीग भरतात, वर हात फिरवून सपाट करतात, सदऱ्यात घट्ट गुंडाळतात आणि उदबत्तीच्या धुरावरून हलवत हलवत मंत्र पुटपुटतात. सदरा उलगडला, की सपाट तांदळात खड्डा! सगळं देऊळ "अगं बाई!" म्हणून पुढे झुकतं.

"ईशान्येला खड्डा!" महाराज माझ्या सासूबाईंना म्हणाले. "नात कुत्र्याला दचकलीय. माणसाच्या तीन आत्म्यांपैकी तिचा एक निसटून शाळेमागच्या कालव्यापाशी बसलाय. एकोणपन्नास दिवस लागतील. तोवर दवाखान्याचा उंबरा ओलांडायचा नाही! तिथे इतके मेलेले फिरतात, की बिचारा वाट चुकेल."

आत्म्याला कालव्याचा पत्ता ठाऊक होता, आमच्या घराचाच तेवढा नव्हता. मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी माझा दंड दाबला. माझी वान-जू महाराजांच्या टेबलाखाली शिरून, कानांवर हात दाबून बसली होती.

वर्गातही ती अशीच बसते. घंटा झाली की टेबलाखाली. कुणी ओढून काढायला गेलं की चावते. सहा वर्षांची आहे. तिच्या वर्गशिक्षिका हुंगबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "पोरगी वाईट नाही हो. तिला काहीतरी जड जातंय. तपासून घ्या. पुन्हा कुणाला चावली, तर अर्धाच दिवस पाठवा, असं शाळेतले वरचे म्हणतायत."

दवाखान्यात तपासणीसाठी नाव घालून चार महिने झाले होते. तारीख मिळाली ती नेमकी महाराजांच्या एकतिसाव्या दिवशी. ती हुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी.

"आईचं मन मोडू नकोस," नवरा म्हणाला. "एकोणपन्नास दिवसांचाच तर प्रश्न आहे."

"आणि शाळेला काय सांगू? आत्मा रजेवर आहे म्हणून?"

तो हसला नाही. सासूबाई तर सरळच म्हणाल्या, "हरवलेला आत्मा परत येतो. दवाखान्याने कागदावर लिहिलेलं जन्मभर पुसलं जात नाही. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर तू जबाबदार." इकडे शाळा, तिकडे घर, आणि मधे मी. माझ्याच लेकीला डॉक्टरकडे न्यायची मला चोरी झाली होती. रोज संध्याकाळी मी तिला मंतरलेल्या तांदळाची पेज भरवत होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. जाऊन बघते तर वान-जू फरशीवर बसलेली, पुढ्यात पेला, आणि चहूकडे तांदूळ.

"आजी, फडकं पण घाबरलंय!"

भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेल्या पेल्यात चांगला खड्डा पडला होता.

"देवाचा खेळ करतेस, कार्टे?"

"पण आता नाही घाबरणार. बघ." तिने पेला पुन्हा भरला, तीनदा जमिनीवर आपटला, वर आणखी तांदूळ घातले, गुंडाळून हलवला. उलगडला तर सपाट. "महाराज असंच करतात. ज्याचा आत्मा परत येतो ना, त्याच्या वेळी आधी ठक ठक ठक करतात. ते माझ्या डोक्यावरच वाजतं. मला नाही आवडत."

शंभर माणसं मंत्र ऐकत होती. ती ठकठक टेबलाखालच्या तिला तेवढी टोचत होती.

सासूबाई फतकल मारून खाली बसल्या. आपल्या ओढणीत पेला गुंडाळून त्यांनी स्वतः हलवला. खड्डा! मग आपटून, भरून, पुन्हा. सपाट. सैल भरलेले तांदूळ हलवले की दबतात, आणि आधीच दाबले की दबायला जागा उरत नाही. डाळीच्या डब्यात रोज बघतो आपण हे. महाराजांना मूल बरं झालेलं दाखवायचं असेल त्या दिवशी पेला आपटायचा, एवढीच काय ती सिद्धी!

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे हिचा आत्मा हरवलेलाच नाही? मग परत काय आणायचं गं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "काहीच आणायचं नाही, आई. ती इथेच आहे. तिला कशाचा त्रास होतो, तेवढं विचारून येऊ."

एकतिसाव्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी जादू केली नाही. ठोकळे दिले, आवाज ऐकवले, ढीगभर प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "अजून दोनदा यावं लागेल." तिच्या त्रासाला अजून नाव मिळालेलं नाही, शाळेचा तगादाही सुटलेला नाही. पण घंटेआधी तिला वर्गाबाहेर नेऊन बघते, असं हुंगबाई म्हणाल्यात.

तुमचंही मूल टेबलाखाली बसत असेल, तर तांदळात बघू नका. खाली वाका आणि त्याच्याकडे बघा. समजलं नाही, तर ज्याने अशा मुलांचा अभ्यास केलाय त्याला विचारा.

दवाखान्यातून निघताना लिफ्टची घंटी वाजणार, तेवढ्यात सासूबाईंनी वान-जूच्या कानांवर आपले दोन्ही हात ठेवले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.