आतून लागणारी कडी

बोईसरच्या मासळीबाजारात दमयंतीच्या तोंडाला कुणी लागत नसे. एखादीनं पापलेटाचा कल्ला उचकून नाक मुरडलं की दमयंती म्हणायची, "बाय, मासा घ्यायला आलीस का नवरा बघायला?" गिऱ्हाईक हसत हसत मासा घेऊनच जायचं.

तिच्या ओट्याला टेकून मैनाबाई कोळंबी सोलायची. नवरा गेलेला, पोरबाळ नाही. सरावलीला एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहायची, ती चाळही पाडली. तेव्हापासून बाजार उठला की ओटा धुवायचा नि त्यावरच पथारी टाकायची. बोचकं दिवसभर दमयंतीच्या बर्फाच्या पेटीमागं. चहा दमयंतीचा, कालवणही तिचंच. मैनीला माझ्यापाशी काय कमी हाय, असं दमयंती चारचौघांत सांगायची.

त्या सकाळी टेम्पोतून मासळी उतरत होती, तेवढ्यात सपना नावाची मुलगी मोबाईल घेऊन आली. ज्यांना राहायला घर नाही अशांची मोजणी चालली होती. जेवढी माणसं मोजली जातील तेवढ्या खाटांचा निवारा पालघरला व्हायचा होता.

"आजी, तुम्ही इथंच झोपता?"

मैनाबाईनं तोंड उघडायच्या आत दमयंती मध्ये पडली. "ती बेघर नाय. माझी माणूस हाय. पुढं जा."

"मावशी, मी फक्त विचारते..."

"भिकारी मोजायचे तर स्टेशनाकडं जा. इथं कामाची माणसं हायेत."

पोरगी बिचारी भाजीवाल्यांच्या बाजूला वळली. मैत्रिणीची अब्रू राखली म्हणून दमयंतीनं पदर खोचला नि सुरमई कापायला घेतली. मैनाबाईचे हात मात्र थांबले होते.

"दमे, तू का बोललीस मधी?"

"मग काय गुरांसारखी मोजू देऊ तुला?"

"ती पोर काल चहाच्या टपरीवर सांगत होती. त्या निवाऱ्यात बायकांची खोली येगळी असनार म्हने. दाराला आतून कडी."

"माझ्या घरी ये म्हणून किती येळा सांगितलं तुला?"

"आलेले ना. सून तुझी गुणाची. मी कूस बदलली तरी उठून बघायची, काय पायजे का म्हणून. तिची झोप मोडायची, माझीबी." मैनाबाईनं कोळंबीचं साल बोटावरून झटकलं. "हितं कुणी जवळून गेलं की मी काठी धरून बसते. एकदा आतून कडी लावून निजायचंय गं. गाढ."

दमयंतीचा कोयता सुरमईतच अडकून राहिला. बाजार उठला की ती रिक्षा धरून आपल्या घरी जायची, पाय पसरून निजायची. मागं या ओट्यावर रात्र कशी जाते, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, कापताय ना?"

"थांब जरा. मेलेला मासा हाय, पळतो कुठं."

भाजीच्या रांगेत तिनं सपनाला गाठलं. "ए पोरी, मागं फिर. मघाशी मी बोलले ते काय मनावर घेऊ नको."

"पण मावशी, मला त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं."

दोघी ओट्याशी आल्या. सपनानं पुन्हा विचारलं. मैनाबाई दमयंतीकडं बघू लागली.

"माझ्या तोंडाकडं काय बघतेस? सांग तिला."

"घर नाय मला," मैनाबाई म्हणाली. डॉक्टरला दुखणं सांगावं तशी, हळूच.

"जवळचं कुणी?"

मैनाबाई कोळंबीची सालं गोळा करू लागली. दमयंतीनं माशाचे हात लुगड्याला पुसले. "मी हाय. घर नाय, पण माणूस हाय तिला. दोन्ही लिव."

"दोन्ही लिहिते," सपना म्हणाली, नि मैनाबाईचं वय विचारू लागली. ते काही तिला सांगता येईना. दमयंती म्हणाली, "माझ्याहून म्हातारी लिव."

सपना गेल्यावर मैनाबाईनं पुन्हा कोळंबी हातात घेतली. "खाट मिळाली तर पालघरहून यायचं. उशीर होईल मला."

"होऊ दे. पण लय निजून राहू नको. तुझी कोळंबी काय तुझी सासू येऊन सोलील?"

"ती कसली सोलते," मैनाबाई म्हणाली, "जित्तेपणीबी नाय सोलली कधी."