माझ्या नावाने वाढलेले जेवण

मित्रांनो, बोटीच्या धक्क्यावरून वर येणाऱ्या गल्लीत तिसऱ्या दारात शिरलात, की समोरच्या भिंतीवर मी दिसेन. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझ्यावर पिवळ्या दिव्याचा झोत सोडलेला आहे आणि माझ्या पोटावर एक लाकडी पाटी बसवलेली आहे : ‘आमचा मासा याच कढईत शिजतो.’ पाटीवरचे अक्षर सुबक आहे; मजकूर खोटा आहे.

माझा जन्म मोडीत निघालेल्या एका बोटीच्या पत्र्यातून झाला. लोहाराने तीन दिवस ठोकून मला खोलगट केले, दोन बाजूंना दोन कान जोडले आणि न्यायला आलेल्या बाईंना बजावले, “पहिले आठ दिवस हिला नुसतं तेल पाजा आणि आग दाखवा. साबण तर जन्मात लावू नका.”

बाई म्हणाल्या, “अहो, एवढे लाड माझ्या सासूबाईंनी माझेसुद्धा केले नाहीत!”

पण त्यांनी माझे सगळे लाड पुरवले. आमचे गाव बेटावरचे. पलीकडच्या काठावरून रोज अकरा वाजता एक बोट येई आणि तिच्यातून उतरलेली माणसे समुद्र पाहण्याआधी आमच्या दारात येत. बाई आधी माझ्यात खोबरे कोरडेच भाजत, कडा काळ्या पडेपर्यंत. मग मासा, मग नारळाचे दूध आणि अगदी शेवटी आंबट फळांचा रस. लोखंडाची आणि आंबटाची गाठ पडली की रस्सा काळसर होतो आणि जिभेच्या मुळाशी हलकासा तुरटपणा ठेवून जातो. तो तुरटपणा पातेल्यात येत नाही. मात्र उतरवायला जरा उशीर झाला, तर सगळे कडवट होते. बाईंना ती वेळ वासावरून कळे. माझ्यात एका वेळी आठ माणसांचे शिजे. नववा आला तर बाई त्याला सांगत, “बसा. भूक मुरली की चव वाढते.” आणि तो बसून राही.

तीस वर्षांपूर्वी एक नवे जोडपे चार दिवसांसाठी बेटावर आले. त्यातली तरुणी पहिल्याच दिवशी जेवून उठली ती थेट स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि पुढचे तीन दिवस तिथून हललीच नाही. तळहातावर थेंब घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि विचारायचे, “आत्ता काय घातलंत?” तिचा नवरा दारातून ओरडे, “अगं, लग्न माझ्याशी केलंयस की त्या कढईशी?” बाईंनी तिचे नाव ठेवले चाखूबाई. पुढे तिने पलीकडच्या शहरात एका इस्पितळासमोर खाणावळ काढली. रुग्णांच्या उशाशी बसून थकलेले नातेवाईक तिच्याकडे जेवत. वर्षातून एकदा तिचे पत्र येई आणि बाई ते चुलीपाशी मोठ्याने वाचत, जणू मलाही ऐकायचे असावे.

बाईंना एक मुलगा. गल्लीत सगळे त्याला भाऊ म्हणतात. एका वादळात समुद्राचे पाणी घरात शिरले तेव्हा हा भाऊ गाद्या, कपडे, ट्रंक सारे मागे टाकून मला डोक्यावर पालथी घेऊन टेकडीवर धावला होता. लोक हसले. तो म्हणाला, “घर पुन्हा बांधता येतं. हिच्यात मुरलेली वर्षं कुठून आणू?” मित्रांनो, हे मुद्दाम सांगते. ज्याने आपल्यावर कधीच प्रेम केले नाही, तो आपला विश्वासघात करू शकत नाही.

बाई गेल्या. वर्षभर भाऊने माझ्यात शिजवले आणि नीट शिजवले. मग एका बोटीच्या तीन बोटी झाल्या. आठ माणसांच्या जागी ऐंशी माणसे दारात उभी राहू लागली आणि ‘बसा’ म्हटले की ती शेजारच्या दारात जाऊ लागली. भाऊने मागच्या खोलीत ॲल्युमिनियमची तीन मोठी पातेली आणली. वाटण बाहेरून तयार, डब्यांतून येऊ लागले. तोवरही मला राग नव्हता. म्हातारपणी कोपरा मिळाला असता तर मी त्यात सुखाने बसले असते.

पण एका दुपारी तो कारागिराला घेऊन आला. “मधोमध दोन भोकं पाड,” भाऊ म्हणाला, “वजनदार आहे, स्क्रू पक्के बसायला हवेत.” कारागीर क्षणभर थांबला. “मालक, चांगली कढई आहे. भोक पडलं की कामातून गेली.” भाऊ म्हणाला, “तिला आता वेगळंच काम आहे.” मग माझ्या अंगावरचे पस्तीस वर्षांचे तेल घासून काढले, त्यावर काळे रोगण फासले आणि भोके झाकायला ती पाटी लावली.

तेव्हापासून लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि मागच्या पातेल्यांतला मासा खाऊन म्हणतात, “लोखंडाची चव काही औरच!” त्या वेळी मला त्यांचे हसू येई. पुढे जे घडले त्याने ते हसू आटले.

या हिवाळ्यात अकराच्या बोटीने चाखूबाई आली. केस पिकलेले, सोबत तिशीकडे झुकलेली मुलगी. पत्रांसोबत आलेल्या फोटोंवरून भाऊने तिला लगेच ओळखले. “काकू!” म्हणून तो पाया पडला. बसल्यावर तिने सांगितले, की एका तापात तिच्या जिभेची चव गेली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. मीठ कळू लागले, गोड कळू लागले. पण सगळी जीभ परत आली का, हे तिला ठरवता येत नव्हते.

“घरी करून बघायचं की हो,” भाऊ म्हणाला.

“अरे, माझ्या हातचं मला कसं कळणार? काय घातलंय ते हाताला ठाऊक असतं, मग जीभ आपली मान डोलावते. दुसऱ्याच्या हातचं खायला हवं आणि मनात पक्कं कोरलेलं हवं. असं एकच आहे, तुझ्या आईचा मासा.” मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “तीन दिवस आहेत. तो कळला तर ठीक. नाही तर जाऊन खाणावळीला कुलूप लावणार. आजाऱ्यापाशी जागणाऱ्या माणसांना अंदाजाने जेवायला घालणं मला जमायचं नाही.”

तिच्या मुलीने डोळे फिरवले. “आम्ही खायला म्हणून आलोय, भाऊ. आईने मात्र परीक्षा लावून घेतलीय.”

भाऊने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तो सांगेल. तो आत गेला आणि पातेल्यातला मासा वाढून घेऊन आला. चाखूबाईने घास घेतला, डोळे मिटले. बराच वेळ ते मिटलेलेच राहिले. मग तिने शांतपणे सगळे ताट संपवले. “छान आहे,” ती म्हणाली. मुलीला फसवता आले नाही. “आई, नाही ना लागलं?”

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी गाव पालथे घातले. बाजारात निखाऱ्यावरची कोळंबी, फळवाल्याकडची मीठ लावलेली चिंच, धक्क्यावरची गरम नारळाची वडी. संध्याकाळी त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या तेव्हा मुलगी बोटे मोजत होती. “चिंच आंबट म्हणालीस. वडीत गूळ जास्त झालाय म्हणालीस. कोळंबी कालची आहे हेसुद्धा त्या माणसाला तोंडावर सांगितलंस, तो मारायला उठला असता! आणि म्हणे जीभ गेली.”

“तो शेवटचा तुरटपणा लागत नाही गं. बारीक तेवढंच गेलंय. आणि स्वयंपाकात बारीक तेवढंच तर आपलं असतं.” तिने पुन्हा मासा मागवला, पुन्हा खाल्ला आणि शेवटी भाऊला जवळ बोलावले. “खरं सांग. काही बदललंयस का? वाटण, फळ, काही?”

“नाही, काकू.”

“याच कढईत केलंस?”

मागच्या टेबलावर पाहुणे बसले होते. भाऊने माझ्या कानावर हात ठेवला. “आईची शपथ. हिच्यातच. शिजवून झालं की मग इथे टांगतो.”

मित्रांनो, मी आयुष्यभर आगीवर बसले. पण त्या हाताइतके मला काही भाजले नाही. चाखूबाईने स्वतःच्या जिभेपेक्षा त्या घरावर विश्वास ठेवला. तिची चूक एवढीच. “मग माझंच गेलं,” ती म्हणाली आणि मुलीला म्हणाली, “घरमालकाला कळव, महिनाअखेर जागा सोडतोय.” तिची जीभ खरी होती आणि जेवण खोटे होते. हे तिथे दोघांनाच ठाऊक होते. एकाने तोंड बंद ठेवले आणि दुसरीला तोंड नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दुकान नुकते उघडले असताना, ती एकटी आली. भाऊ पाठमोरा बसून मासे साफ करत होता. “तुझ्या आईच्या कढईला एकदा हात लावते आणि निघते,” म्हणत ती बाकावर चढली. वापरातल्या कढईवरून अंगठा फिरवला की तो तेलकट होतो. स्वयंपाक करणारी माणसे तसा अंगठा फिरवतातच. त्यांना तो विचार करून फिरवावा लागत नाही. तिचा अंगठा माझ्यावरून कोरडा घसरला. तिने तो नाकाशी नेला. मग दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि माझ्या पोटातले दोन स्क्रू तिच्याकडे पाहू लागले.

भाऊच्या हातातली सुरी थांबली होती.

“काकू, रोज तीन बोटी येतात. एका कढईत मी किती जणांना पुरणार?”

“पुरू नकोस. पातेल्यात कर. कोण नको म्हणतंय?”

“पातेलं बघायला बेटावर कोण येतं?”

ती बाकावरून सावकाश उतरली. “मला खोटं जेवायला घातलंस, ते मी पचवलं असतं. पण तू माझ्या जिभेला खोटं पाडलंस रे. आणि तेही आईची शपथ घेऊन.”

भाऊने सुरी खाली ठेवली. त्याच्या हातावरचे खवले तसेच चमकत होते. एवढ्यात मुलगी सामान घेऊन दारात आली. चाखूबाईने तिच्याकडून फोन घेतला आणि तिथेच उभे राहून खाणावळीत लावला. “ऐक, उद्या सकाळी मी येतेय. मी चाखल्याशिवाय एकाचंही ताट वाढायचं नाही. आणि डाळीत मीठ कमी टाक, तुझा हात सैल आहे.” मुलगी आधी गोंधळली, मग हसता हसता रडू लागली.

मला क्षणभर वाटले, ती मला बरोबर नेईल. तिने माझ्याकडे पाहिलेही. पण मग हळूच म्हणाली, “भोकं पडलेली कढई चुलीवर चढत नाही, बाई.” आणि दोघी धक्क्याच्या दिशेने उतरून गेल्या.

त्यांना नेणारी बोटच नवे पाहुणे घेऊन आली होती. भाऊने हात धुतले, पाटी जागेवर सरळ बसवली. पहिल्याच पाहुण्याने विचारले, “हीच का ती?” भाऊ जरा थांबला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, “हो, हीच.”

मित्रांनो, तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. त्या झिजल्या की खुशाल बाजूला ठेवा. मोडीत घाला, वितळवा, आम्ही पुन्हा काहीतरी होऊ. आम्हाला मान नको, दिव्याचा झोतही नको. फक्त ज्या कामातून आम्हाला काढलेत, त्या कामाची साक्ष आमच्याकडून देववू नका. कारण आमच्याकडे बोट दाखवून तुम्ही खोटे बोलता, तेव्हा ऐकणारा एखादा भला माणूस तुम्हाला नाही, स्वतःलाच खोटा समजून निघून जातो.